लेप्याची चौकशी करणारे शेठजी

निजामाच्या राज्यात अंबडच्या बाजारात एक जैन शेठजी होते. त्यांच्या कापडदुकानासमोर किनाऱ्याकडची एक बाई सुकी मासळी विकायची. वास आला की शेठजी उपरण्यानं नाक दाबायचे, पण चौकशीची खोड भारी. चपट्या लेपा माशाकडं लांबूनच बोट करायचे. "बाई, याचे दोन्ही डोळे एकाच अंगाला कसे?"

"शेठजी, समुद्राच्या तळाला वाळूत पडून राहतो तो. बारका असताना डोळे दोहीकडं असतात. मंग आडवा पडाया लागला की खालचा डोळा सरकून वर येतो."

"आणि मोठ्या माशानं पाहिलं तर?"

"रंग वाळूचाच की. दिसंल तवा खाईल."

मी तवा शेठजींच्याच दुकानात कामाला; डोळा सरकतो हे मला तवाबी पटलं न्हाई, आजबी पटत न्हाई.

एकदा बाकीचे दुकानदार आले. "शेठजी, वासानं गिऱ्हाईक फिरकत न्हाई. बाई तुमच्या दारात बसती, तुम्ही फक्त हो म्हणा. तिला उठवतो."

शेठजी उठले. आपली गादी उचलून पार आतल्या भिंतीला नेली, जिथून रस्त्यावरचं गिऱ्हाईकबी दिसायचं न्हाई. मंग म्हणाले, "मला कसली तकलीफ? बसू द्या."

बाई तिथंच राहिली. शेठजींचं मला नवल वाटतं. तिच्यापायी मी माझी जागा बिलकुल सोडली नसती.