पाठीवरचा बोळा

आमच्या मागच्या गल्लीतला जीवन. टेमघरमधी त्याला वळखत न्हाय असं माणूस न्हाय. अर्धं आयुष्य फखरुद्दीन शेठच्या कापड इणायच्या लूमवर गेलं त्याचं. लूमचा आवाज कसा असतो, तुला काय सांगू तनया, कानाला तोंड लावून बोंबललं तरी ऐकू येत न्हाय. मंग तिथं हाक कशी मारायची? तर तुटलेल्या सुताचा बोळा करायचा आन ज्याला बोलवायचं त्याच्या पाठीवर नेमका हाणायचा. तो वळला की हातानं खूण करायची. कोणाला राग न्हाय. उलट ज्याला दिवसभरात एक पण बोळा बसला न्हाय, तो सुट्टीच्या टायमाला कुरकुरायचा, "क्या भाई, आज हम मर गये क्या?"

बोळा म्हंजे माया, असं डोक्यात बसलं जीवनच्या. आन हाताची सवय ती, लूम बंद झाल्या म्हणून जाते व्हय?

शेठनं लूम भंगारात काढल्या. जीवन अंजूरच्या एका गोडाऊनमधी लागला. वयाचा मान म्हणून पॅकिंगच्या पोरींवर सुपरवायझर केला त्याला. तिथं माल सरकवायच्या पट्ट्याचा आन पंख्याचा काय तो आवाज, हाक मारली तर ऐकू जाते. पण ह्याचा हात गप बसंल तर ना. टेपचे बोळे करायचा आन पोरींना मारायचा. पोरी हसायच्या, वळायच्या. त्याला वाटलं, झालं, जमलं आपलं.

त्यात एक खारबावची क्षितिजा. एका दुपारी ती पाठ करून उभी व्हती. हात थांबलेले, पुढं खोके साचलेले. जीवननं नेम धरला. बोळा बसला बरोबर मानेवर. बाकीच्या पोरी खिदळल्या. क्षितिजानं अंगातलं गोडाऊनचं जाकीट काढलं, टेबलावर ठेवलं आन चालू पडली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर मेघाली मॅडमनं जीवनला केबिनमधी बोलावलं.

"काका, क्षितिजाला काय मारलंत तुम्ही?"

"मारलं न्हाय मॅडम. बोलावलं."

"नाव घेऊन बोलावता येत नव्हतं?"

"आमच्या लूमवर तशीच रीत—"

"हे लूम नाही, काका. तिनं तक्रार दिलीय. वरून निरोप येईपर्यंत घरी बसा."

जीवन घरी आला तो धुमसतच. "एवढ्याशा बोळ्यानं काय हाड मोडतं का? नोकरी जायची पाळी आणली पोरीनं माझी."

माधवी, त्याची बायको, सुकलेल्या कपड्यांच्या घड्या घालत व्हती. मान वर न करता म्हणाली, "हाड माझं पण न्हाय मोडलं."

"म्हंजे?"

"लग्न होऊन आले तवापासून काय काय बसलंय ह्या पाठीवर. रुमाल, मोजा, पोराचं टोपडं. पयल्या वर्षी मोरीत जाऊन रडायची मी. वाटायचं, ह्या घरात आपल्याला नाव पण न्हाय."

"मंग बोलली का न्हायस?"

"तुमी इचारलं कवा?" हातातला सदरा तिनं बाजूला ठेवला. "तनवीरची आई गेली, तो निरोप तुमच्याकडं आला व्हता ना? तवा बोळा फेकलात का त्याला?"

तनवीर जीवनच्या शेजारच्या लूमवरचा, जिवाभावाचा. त्या दिवशी जीवन आपण व्हऊन उठला व्हता, तनवीरची लूम बंद केली व्हती, आन हात धरून त्याला भाईर नेलं व्हतं.

"ती दुःखाची गोष्ट व्हती," तो म्हणाला.

"आन त्या पोरीच्या मनात काय व्हतं, ते बघितलं तुमी? पाठच दिसली तुमाला."

तरी जीवनची गाडी लूमच्या रीतीवरच अडलेली. क्षितिजाच्या घरी जाऊन नीट समजावून सांगतो म्हणाला, म्हंजे तक्रार मागं घेईल. माधवी म्हणाली, "पोरीच्या दारात एकट्यानं जाऊ नका. मी येते."

खारबावला गेली दोघं. क्षितिजाचा बाप पडवीत खाटेवर लोळत पडलेला. आयनं खुर्च्या दिल्या आन ती पडवीच्या टोकाला पाठ करून भांडी घासायला बसली. क्षितिजा दाराच्या चौकटीला टेकून उभी. जीवननं घसा साफ केला. "बाय, आमच्या लूमवर कसं असतं..."

तेवढ्यात बापानं खाटेखालची चप्पल उचलली आन बायकोच्या पाठीवर भिरकावली. "पाणी."

ती बाय दचकली न्हाय का ओरडली न्हाय. वळली नुसती, हात पदराला पुसले आन उठली. जीवन बघत राहिला. तिचं ते वळणं त्याच्या रोजच्या बघण्यातलं व्हतं. माधवी अशीच वळते. त्याला माधवीकडं बघायचं धाडस झालं न्हाय.

क्षितिजा बापाकडं बघतच नव्हती. ती जीवनकडं बघत व्हती.

लूमची गोष्ट त्यानं सोडून दिली. म्हणाला, "चुकलं माझं, बाय. त्या दिवशी काय झालं व्हतं तुला?"

"सांगण्यासारखं न्हाय, काका." मंग खालच्या आवाजात, "तक्रार मी मागं न्हाय घेणार."

"नको घेऊस."

माधवीनं चमकून त्याच्याकडं बघितलं. पोटापाण्याचा सवाल व्हता.

जीवनची सुपरवायझरी गेली. आता गोडाऊनच्या मागच्या बाजूला ट्रकमधला माल उतरवतो, कंबर धरून घरी येतो. क्षितिजा कामावर परतलीय, त्याच्याशी बोलत न्हाय. तिच्या घरात काय बदललं असंल असं मला न्हाय वाटत.

एक मात्र माधवीनं सांगितलं मला. त्या दिवशी खारबावहून परत येताना ती रिक्षा बघायला पुढं चालत व्हती. रस्त्यावर कंटेनरची ही रांग, हॉर्नचा गोंगाट. मागून जीवन धापा टाकत पळत आला आन तिच्या समोर येऊन उभा राहिला.

"माधवे."

"काय झालं? काय राहिलं का तिथं?"

"न्हाय," तो म्हणाला. "नाव घेतलं नुसतं."

ती म्हणते, "आत्ये, मला हसू का रडू कळंना. मी आपली रिक्षाला हात केला."