बांधापर्यंत बोलायचं

उत्रोलीच्या गेनबाला बोलायची भारी हौस. दारावरून जाणारा माणूस ओळखीचा असो वा नसो, "या, टेका जरा" ऐकल्याशिवाय त्याला पुढं जाता येत नसे. गोठ्यात मात्र बैल एकच होता, चांद्या. जोडीचा दुसरा बैल, हरण्या, शेजारच्या कुंडलिकाचा. दोन बैल पाळण्याची ऐपत दोघांचीही नव्हती, म्हणून त्यांची सावड होती. एका वर्षी आधी गेनबाच्या खाचरात भाताची चिखलणी व्हायची, मग कुंडलिकाच्या. पुढच्या वर्षी उलट.

गेनबा भोर संस्थानच्या राजाच्या बाजूचा. त्याच्या बापाचा वाटेचा तंटा भोरला राजापुढं जाऊन उभं राहिल्यावर एका दिवसात मिटला होता. तेव्हापासून त्या घरात राजाचं नाव जेवणाआधी निघे. कुंडलिक राजाकडं प्रजेचे हक्क मागणाऱ्या प्रजापरिषदेचा. त्याचा धाकटा भाऊ ज्ञानू बेचाळीसच्या चळवळीत पुण्याला पकडला गेला, जेलातून खोकला घेऊन परत आला आणि वर्षाच्या आत गेला.

चिखलणीला एक जण नांगर धरी, दुसरा बैलांच्या पुढं चाले. पूर्वी दोघं एकाच वेळी तावातावानं बोलत. एकदा त्या गोंधळात बैल बांधावर चढले आणि नांगराची दांडी मोडली. त्या दिवशी त्यांनी एक रीत घालून घेतली. नांगर ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं. बांधापासून बांधापर्यंतचा एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, त्याची. पुढं चालणाऱ्यानं चकार शब्द काढायचा नाही. बांधाला आलं की नांगर हातात घेण्याआधी त्यानं ऐकलेलं सांगून दाखवायचं. चुकलं तर बैल उभे राहणार आणि पहिला पुन्हा सांगणार.

"बैलांना इसावा मिळतो," गेनबा म्हणे. खरं तर त्यालाच मिळे. पुढचं काय बोलायचं ते ऐकता ऐकता सुचत नसे. सांगून दाखवायचं असल्यामुळं नुसतं ऐकावंच लागे.

दहा-बारा वर्षं हे चाललं. मत कुणाचंच बदललं नाही. पण गेनबा एकदा साळूबाईला, आपल्या बायकोला, म्हणाला होता की कुंडलिकाचं म्हणणं मला माझ्यापेक्षा जास्त पाठ झालंय.

सत्तेचाळीसचा आषाढ आला. इंग्रज जाणार हे ठरलं होतं. राजाचं काय, यावर गावात दोन तट पडले. दोन्हीकडच्यांच्या डोळ्यांत ही सावड सलू लागली. त्या वर्षी पाळी गेनबाच्या खाचराची होती. नांगर कुंडलिकाच्या हातात होता आणि तो सांगत होता की राजा चांगला असेल, पण जे मिळतं ते मर्जीनं मिळतं. त्या सकाळीच गावात कुणीतरी गेनबाला दरबारचा भाट म्हटलं होतं. तास अर्ध्यावर असतानाच गेनबा गर्रकन वळला.

"तुझ्या ज्ञानूनं जेलात फुकटची भाकरी खाल्ली. दुसरं केलं काय त्यानं?"

कुंडलिकानं हरण्याच्या मानेवरचं जू उतरवलं आणि बैल घेऊन चिखलातून निघून गेला. नांगर तिथंच रुतून राहिला.

दुसऱ्या दिवशी राजाच्या बाजूच्या सोनबा पाटलानं निरोप धाडला, माझी जोडी ने, पण त्या परिषदवाल्याशी सावड कायमची तोड. गेनबानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तीन दिवस गेले. दारावरून माणसं जात होती आणि कुणालाही "टेका जरा" ऐकू येत नव्हतं. वाफ्यातलं रोप कांडं धरू लागलं होतं. आणखी चार दिवसांनी ते लावण्याजोगं राहिलं नसतं, आणि लावणी नाही तर वर्षाचा भात नाही.

"रोप कुणासाठी थांबत न्हाई," साळूबाई एवढंच म्हणाली. "पाटलाची जोडी आणायची तर आणा. पर मग बोलणार कुणासंगं?"

चौथ्या दिवशी दुपारी देवळात परिषदेची बैठक होती. भोरहून आनंदराव नावाचा तरुण कार्यकर्ता आला होता. कुंडलिकानं सावड तोडल्याचं चारचौघांत सांगावं, असं त्याच्या मनात होतं. गेनबा दारात दिसताच कुजबुज झाली. दरबारचं माणूस इथं कशाला, असं कुणीतरी मोठ्यानं विचारलं.

"म्या कुंडलिकाचा तास मधीच तोडला," गेनबा म्हणाला. "तेवढा पुरा करून जातो."

मग त्यानं कुंडलिकाचं सगळं म्हणणं सांगितलं. माझ्या बापाचा तंटा एका दिवसात मिटला, कारण त्या दिवशी मर्जी होती. नसती तर बापानं कुणाला विचारायचं होतं? हक्क म्हणजे मर्जी फिरली तरी राहतो तो. एवढं स्वच्छ आनंदरावानंही मांडलं नव्हतं. शेवटी गेनबानं कुंडलिकाकडं पाहिलं.

"बराबर?"

"ज्ञानूचं ऱ्हायलं," कुंडलिक म्हणाला.

गेनबा दारातून आत त्याच्यापुढं आला. "ज्ञानूची भाकरी फुकट न्हवती. त्यानं तिची लई किंमत दिली. म्या खोटं बोललो."

आनंदराव गोंधळला. "म्हणजे तुम्ही आता आमच्याकडं?"

"न्हाई," गेनबा म्हणाला. लोक हसले.

मग कुंडलिक उठला. "आता ह्याचं म्या सांगतो. भोरला चालत जाता येतं. उद्या राज्य मुंबईच्या सरकारात गेलं, तर तिथं आमी कुणाच्या दारात उभं ऱ्हायचं? रावसाहेब, ह्याचं उत्तर हाय का तुमच्याकडं?"

आनंदरावानं वहीत प्रश्न लिहून घेतला. पुढं भोरच्या सभेत तो त्यानंच विचारला, असं म्हणतात. सावड तोडल्याचं मात्र त्या बैठकीत कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच हरण्या खाचराच्या बांधावर उभा होता. चिखल धरलेला नांगर दोघांनी मिळून उपसला. त्या सकाळी अर्धा राहिलेला तास त्यांनी आधी बांधापर्यंत नेला.

पुढच्या मार्चात संस्थान विलीन झालं. गेनबानं ठेवणीतलं पागोटं बांधलं आणि राजवाड्याकडं तोंड करून एकदा मुजरा करावा म्हणून तो भोरला निघाला. कुंडलिक न बोलावता बरोबर आला. मुजरा त्यानं केला नाही. गेनबाच्या वहाणा हातात धरून बाजूला उभा राहिला.

परतताना तो म्हणाला, "आज समदी वाट तुझी. बोल."

भोरहून उत्रोली काही लांब नाही. दोघं फार हळू चालले. गेनबा बापाच्या तंट्यापासून सुरुवात करून सगळं बोलला, आणि शिवेवर आल्यावर कुंडलिकानं ते पहिल्यापासून सांगून दाखवलं, काही न गाळता.