लामदुआनचं नाक

लामदुआनबद्दल चांगलं बोल, असं मला कुणी सांगू नका. मी वजनकाट्यावर बसतो. तिची खिडकी माझ्या अगदी समोर होती आणि तिथून मी तिला रोज जिभेनं माणसं सोलताना पाहिलं आहे.

आमचा कारखाना केंगखोई गावच्या सिमेंटभट्ट्यांना जळण पुरवतो. जळण म्हणजे दुसऱ्या कारखान्यांनी टाकलेली घाण: रंगाचा गाळ, जुनं तेल, तेलकट चिंध्या. ट्रक आला की पिंपातला नमुना काचेच्या बरणीत भरून लामदुआनच्या खिडकीत जायचा. त्यात धातू भरपूर असला तर पिवळी चिठ्ठी, म्हणजे माल धातू काढायला. नीट जळणारा असला तर हिरवी, म्हणजे मिश्रणाच्या खड्ड्यात. धोका दिसला तर लाल, म्हणजे आल्या वाटेनं परत. उष्णता किती, क्लोरीन किती, हे सांगायला यंत्रं होती. पण यंत्राच्या आधी लामदुआनचं नाक. ती झाकण काढायची, एकदा हुंगायची आणि ड्रायव्हरला म्हणायची, "पेट्रोल कुठं मिसळलंस रे, चोरा?" ड्रायव्हर मान खाली घालायचा. सगळे तिला 'चमूक' म्हणायचे, म्हणजे नाकच. त्या नावाचा तिला केवढा ताठा!

म्हाताऱ्या मालकाचा एक नियम होता. खिडकीवर बाई बसली, तर खड्ड्यावर तिचाच नवरा उभा राहणार. "दुसरीच्या नवऱ्यासाठी कोण डोळ्यात तेल घालतंय?" असं तो म्हणायचा. मालक मेला, नियम राहिला. लामदुआननं हिरवी चिठ्ठी लावली की तो माल प्रयोंगच्या पायाशी ओतला जायचा.

प्रयोंग म्हणजे तिचा नवरा. धिप्पाड, संथ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नवा ट्रक आला की तो खड्ड्यावरून वर यायचा, आणि ती सगळ्यांदेखत ओरडायची, "ए रेड्या, ही बरणी धर. एवढं तरी जमेल का?" तो एका हातानं उघडी बरणी छातीशी धरून, दुसऱ्या हातात झाकण घेऊन उभा राहायचा. कधीकधी त्याच्या हातून झाकण पडायचं. मग विचारू नका. "पाडलंस? देवानं हात दिलेत की खूर?" आम्ही हसायचो. तोही हसायचा. मग ती बरणी नाकाशी नेऊन जाहीर करायची, "लाल. परत पाठवा."

गेल्या वर्षी पिम नावाची नवी केमिस्ट आली. शिकलेली, घाबरट. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ती लामदुआनला 'पी' म्हणायची.

"पी, गाळात सल्फाइड असलं आणि खड्ड्यात आम्ल असलं तर विषारी वायू होतो. आधी शिशाचा कागद लावून बघू या ना. काळा पडला की कळेल."

"माझ्या नाकाच्या वर कागद? पोरी, तुझी आई तुला न्हाऊ घालत होती ना, तेव्हापासून मी हुंगतेय," असं म्हणून लामदुआन कागद कचऱ्याच्या डब्यात टाकायची. पिम तो उचलायची. लामदुआन पुन्हा टाकायची.

त्या दिवशी रंगाच्या गाळाचा ट्रक आला. प्रयोंगला सर्दी झाली होती. यादोम तर आमच्या प्रत्येकाच्या खिशात असतं, मेंथॉल-कापराची ती हुंगायची बोटभर नळी. त्यानं एक एका नाकपुडीत आणि दुसरी दुसऱ्या नाकपुडीत खुपसली होती.

"हत्ती झालास का रे? सुळे फुटले?" लामदुआन म्हणाली. सगळे हसले, सगळ्यांत मोठ्यानं मी. "धर ही बरणी."

त्यानं धरली. झाकण पडलं नाही. लामदुआननं बरणी नाकाशी नेली. "रंग. नुसता रंग." पिमनं कागद पुढे केला, तो हिसकावून तिनं टेबलावरचं पाणी पुसलं आणि हिरवी चिठ्ठी लावली.

रंगाच्या गाळाखाली कातडी कमावण्याच्या कारखान्यातला चुन्याचा गाळ होता, सल्फाइडनं भरलेला. खड्ड्यात सकाळचा आम्लाचा माल होता. प्रयोंग दमलेल्या माणसासारखा काठावर बसला आणि पुढे कलंडला. त्याला बाहेर काढलं तेव्हा दोन्ही नळ्या नाकातच होत्या.

बाई रडायच्या आधी बोलली. व्यवस्थापक साहेब धावत आले, त्यांना म्हणाली, "कागद लावायचं काम पिमचं. तिनं लावला नाही."

मी म्हणालो, "साहेब, कागद लामदुआननं हिसकावला. मी पाहिलंय."

"काट्यावरच्यानं वजन सांगावं," साहेब म्हणाले. पिमची नोकरी जाणार हे तिथंच ठरलं.

देवळाच्या मंडपात प्रयोंगची शवपेटी ठेवली होती. एप्रिलचं ऊन, आणि पेटी थंड ठेवणारं यंत्र बंद पडलेलं. भिक्खू मंत्र म्हणत होते आणि त्यांच्यासमोर बसलेला जो तो नाकात यादोम खुपसत होता. एकटी लामदुआन उघड्या नाकानं पेटीवर गाल टेकून बसली होती. "ह्याला म्हणतात बायको," बायका कुजबुजल्या. पिम खांबाशी उभी होती. तिनं डोळे पुसायचे थांबवले आणि कितीतरी वेळ लामदुआनकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी चौकशीला पिम काळ्या कागदात गुंडाळलेल्या दोन बरण्या घेऊन आली. झाकणं काढली तसे साहेब रुमाल लावून मागे सरकले.

"पी, शेवटचं एकदा सांगा. ह्यातला त्या ट्रकचा माल कुठला?"

लामदुआननं दोन्ही हुंगल्या. मग एक उचलून नाक मुरडलं. "हा. सडलेलं अंडं नुसतं."

पिमनं ती बरणी तिच्या हातातून घेतली आणि त्यातलं साधं पाणी सगळ्यांसमोर पिऊन टाकलं.

मग लामदुआन किंचाळली, "त्यानं झाकण पाडलं नाही! वास आला की पाडायचं, असं ठरलं होतं आमचं! माझं नाक गेल्यापासून तोच तर हुंगत होता! मी काय करू? त्यानं पाडलंच नाही!"

तर असं होतं ते. नाक मेल्याचं कळलं असतं तर खिडकी गेली असती, मान गेला असता. म्हणून ती त्याला रेडा म्हणत राहिली आणि तो म्हणवून घेत राहिला. मला कीव यायला हवी होती. नाही आली.

तिला काढून टाकतील असं आम्हाला वाटलं होतं. पण साहेब हसले. "खड्ड्यावर वासानं कोणी टिकत नाही. हिला तर वासच येत नाही. झालं की काम!" पिमनं एक शब्द टाकला असता तर कदाचित टळलं असतं. तिनं नाही टाकला.

आता खिडकीवर पिम आहे. तिचं लग्न झालेलं नाही, त्यामुळे म्हाताऱ्या मालकाचा नियमही आपोआप बुडाला. खाली काठावर लामदुआन उभी असते, प्रयोंगच्या दोन नळ्या नाकात घालून. त्यांचा तिला काही उपयोग नाही.

हिरवी चिठ्ठी लागलेला ट्रक मागे सरकू लागला की ती वर बघून ओरडते, "पोरी, कागद लावलास ना गं?"

पिम कधी उत्तर देते, कधी देत नाही.