डाग नसलेलं कार्ड

यूसुफचाचांना मी एकदा तोंडावर विचारलं होतं, "खरं सांगा, तुम्ही कोणासाठी काम करताय?"

आज सकाळी ते गेले. म्हणून हे आधी लिहून टाकते.

नवीन पनवेलला आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. आधी गल्फमध्ये, मग जुहूला, आयुष्यभर हेलिकॉप्टरचे इंजिनिअर. त्यांची सही झाल्याशिवाय हेलिकॉप्टर उडायचं नाही.

भयंकर संशयी माणूस.

गॅसचा नवा सिलिंडर आला की साबणाचा फेस लावून बघणार. सोसायटीच्या लिफ्टमध्ये कधी पाय ठेवला नाही. रिक्षात बसायच्या आधी वाकून टायर बघायचे.

रिक्षावाला वैतागायचा, "चाचा, विचुंब्याला जायाचंय, दुबईला नाय!"

माझा धाकटा भाऊ महेश समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर इलेक्ट्रिशियन. चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी. जाणं-येणं चाचांच्याच कंपनीच्या हेलिकॉप्टरने.

दहाएक वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचं बारसं ठरलं. हॉल बुक, पाळणा सजलेला. आणि महेश समुद्रातच अडकला.

हेलिकॉप्टर बंद. दुसऱ्यात जागा नाही.

बंद का? तर खालच्या मजल्यावरच्या चाचांनी सही करायला नकार दिला.

बारसं बापाशिवाय झालं. आई चाचांच्या दारावरून तोंड फिरवून जायला लागली. बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली: दुसऱ्या कंपनीने म्हाताऱ्याला फोडलंय, तिकडे नोकरी कबूल केलीय.

मी पेपरात काम करते. यात फायदा कोणाचा, हा आमचा पहिला प्रश्न. मलाही ते पटलं.

खाली गेले आणि विचारलं. चाची चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या.

चाचा चिडले नाहीत.

"विचारलंस ते बरं केलंस. बाकीचे नुसते बघतात."

मग सांगितलं. हेलिकॉप्टर सेकंडहॅण्ड. आधी कुठल्याशा थंड देशात समुद्रावर उडालेलं, मग दुसरीकडे डोंगरातून पेशंट आणायला, मग बराच काळ शेडमध्ये उभं, मग आपल्याकडे. वरच्या पंख्याच्या मुळाशी बसणाऱ्या प्रत्येक भागाचं वेगळं कार्ड असतं. किती तास उडाला, कोणी उघडला, सगळं त्यावर.

"एका भागाचं कार्ड आहे बेटा. सहा वर्षं, तीन देश, सात-आठ जणांच्या सह्या. आणि सातचा आकडा सगळ्यांचा एकसारखा? पेनपण एकच?"

"असेल योगायोग."

"आणि तेलाचा डाग नाही. एकपण नाही. आमच्या हातातलं कार्ड कधी एवढं साफ राहतं? हे कोणीतरी टेबलावर बसून लिहिलंय."

"एवढ्यावर हेलिकॉप्टर थांबवलंत?"

"मुलीचं स्थळ बघताना चार ठिकाणी विचारता ना? मग याचं पण विचारू दे. बनवणाऱ्या कंपनीला लिहिलंय."

"आणि भाग चांगला निघाला तर?"

"तर वर येऊन तुझ्या आईची माफी मागीन."

गोष्ट छान रचलीय, असं मनात म्हणत मी जिना चढले.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ते चाचांनी नाही, महेशनेच जुहूहून ऐकून आणलं.

त्या नंबरचा भाग कित्येक वर्षांपूर्वीच भंगारात काढला होता.

मग आपल्या हेलिकॉप्टरवर होतं ते काय? कोणी बनवलं? त्यावर नंबर कोणी ठोकला?

आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

चाचांच्या हाती ते कार्ड येण्याआधी, त्या भागाखाली बसून महेश चार वेळा समुद्रावर गेला-आला होता.

भाग गुपचूप बदलला. चाचांना स्टोअरमध्ये बसवलं. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. स्वतः सोडली, की सोडायला लावली, याबद्दल मला अजून संशय आहे.

महेश मुलीला घेऊन खाली गेला. चाचांनी तिला मांडीवर घेतलं, आणि महेशला म्हणाले, "सीटचा पट्टा ओढून बघतोस ना रे? नुसता अडकवत नाहीस ना?"

मी माफी मागितली.

"कशाची? मीपण हेच विचारलं असतं."

आज दुपारी सगळे कब्रस्तानात गेले. महेशने खांदा दिला. मी खाली चाचींजवळ बसले होते.

त्यांनी कपाटातून चाचांची खिशातली वही काढून दिली. "रोज काय काय तपासलं ते लिहायचे. मला काय कळतंय? तू बघ."

मी उघडली. थोडं इंग्लिश, थोडं उर्दू, थोडं मराठी. पेनं वेगवेगळी. एके ठिकाणी घाईचं, तिरकं अक्षर.

आणि पानापानावर तेलकट, काळा अंगठा.

खरी आहे, चाचा.

झोपा आता निवांत. आमच्या अख्ख्या घराचा तुम्हाला शेवटचा सलाम.