नापासकाकांची हिरवी गाडी

कपबशांच्या कारखान्यात काकांनी जन्मभर एकच काम केलं: नापास करणं. भट्टीतून निघालेला कप उजेडाशी धरायचा, नखाने वाजवायचा, आणि ठिपका दिसला की खाली डब्यात फेकायचा. फुटण्याचा तो आवाज त्यांना आवडायचा, आणि हे त्यांनी कधी लपवलंही नाही. कारखान्यात त्यांचं नाव नापासकाका पडलं ते निवृत्तीनंतर घरापर्यंत आलं. चादरीची घडी नापास, चहाचा रंग नापास, जावई नापास. जावई तेवढा मुलीने परस्पर पास करून घेतला.

त्यांच्या तपासणीतून सुटलेली वस्तू एकच, दारातली जुनी हिरवी गाडी. ती चालवायच्या मात्र काकू. मुलीला शाळेत सोडणं, सामान आणणं, काकांना कारखान्याच्या फाटकाशी उतरवणं, सगळं त्याच करायच्या. काका शेजारी बसून त्यांचं गिअर टाकणं नापास करायचे. स्वतः स्टिअरिंगला हात लावायची त्यांची छाती झाली नाही.

उन्हाने रंग विटला, मडगार्डांना गंजाचे फोड आले, आणि त्याच सुमारास काकूंना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाने थोडी लांबवता येईल, म्हणाले. परतताना काकू म्हणाल्या, "अहो, मला दुसरं काही नको. दिसतंय तोवर आपली गाडी एकदा पहिल्यासारखी बघायची आहे."

"बघशील. पण काम चांगल्या हातात देऊ," काका म्हणाले. माणूस मनाने वाईट नव्हता. वाईट असता तर कुठेही रंगवून मोकळा झाला असता.

पहिलं गॅरेज गल्लीच्या कोपऱ्यावरचं. काका खिशात चुंबक घेऊन गेले. पत्र्यातला पोचा ठोकून काढला असेल तर चुंबक चिकटतं, पुट्टी थापून बुजवला असेल तर गळून पडतं. एक मालक आपली रंगवलेली गाडी न्यायला आला होता. काकांनी न विचारता त्याच्या गाडीवर चुंबक फिरवलं. कुठेही गळलं नाही, म्हणून त्यांनी चष्मा वर केला आणि मालकादेखत म्हणाले, "दाराच्या कडेला रंग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत झालाय. कसलं काम हे!"

पेंटरने ओठ आवळले, मग हात जोडले. "काका, तुमची गाडी मला झेपायची नाही. पुलापलीकडे एक जण आहे, हात म्हणजे काय हात! त्याच्याकडे जा."

रंगकामवाल्यांत ही रीतच आहे. किरकिऱ्या गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, दुसऱ्याची तारीफ करून तिकडे धाडायचं. काकांची पाठ वळली की फोन जायचा: "येतोय बघ, चुंबक घेऊन." पुलापलीकडच्याने त्यांना स्टेशनामागे पिटाळलं, स्टेशनामागच्याने नाक्यावर. प्रत्येक जण हात जोडायचा आणि काकांना वाटायचं, आपल्या नजरेला भितात. ते रुबाबात घरी यायचे.

"ठरलं का हो?" काकू रोज विचारायच्या.

काकांचं कारण तयार असायचं: एकाच्या लॅकरच्या चकचकीत थरात धूळ बसते, एकाचा हिरवा पिवळ्यात जातो, एकाची जीभ फार चालते. इकडे काकू आधी चौकटींना धडकू लागल्या, मग चहा बशीबाहेर ओतू लागल्या. काका पुसून घ्यायचे आणि नव्या पत्त्यावर निघायचे. मुलगी एकदा ओरडली, "बाबा, कुणालाही द्या, पण द्या!" त्यावर ते महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत.

एका सकाळी काकू दाराबाहेरच्या ओट्यावर येऊन म्हणाल्या, "गाडी रंगवायला दिलीत? सांगितलं नाहीत ते!"

गाडी त्यांच्या समोरच उभी होती.

काखेत कळसा नि गावाला वळसा घालून काका पुन्हा कोपऱ्यावरच्या गॅरेजात आले. चुंबक आणलं नव्हतं. "कर बाबा. कशीही कर. तिला दिसेनासं झालंय."

पेंटरच्या हातातला पत्रा घासायचा कागद खाली पडला. "काकूंना? अहो, मग तेव्हाच बोलायचं! आठवड्यात करून दिली असती."

"तूच म्हणालास, झेपायची नाही."

"ते आम्ही किरकिऱ्या गिऱ्हाइकाला म्हणतोच, काका." तो मान वर करेना. "तुम्ही चारचौघांत माझी इज्जत काढलीत. म्हटलं, फिरू दे म्हाताऱ्याला."

काका रंगाच्या डब्यावर बसले. भांडावं तर कुणाशी, हे त्यांना कळेना.

पेंटरने मात्र जीव ओतला. सगळा पत्रा ठोकून घेतला, पुट्टीला शिवला नाही. डिकीच्या रबराखाली ऊन न लागलेली मूळ रंगाची पट्टी होती, तिच्यावरून त्याने रंग जुळवला. मग काकूंना घेऊन मुलगी चालत गॅरेजात आली. काकूंनी बॉनेटपासून डिकीपर्यंत तळवा फिरवला, दाराच्या कडेशी थांबून पुन्हा फिरवला. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या.

"अहो, रंग अगदी तोच आलाय ना?"

मुलीने बापाकडे पाहिलं, पेंटरनेही. एका 'हो'चं काम होतं, आणि ते तपासायला काकूंकडे काहीच उरलं नव्हतं. काका वाकले. चष्मा वर करून त्यांनी कड उजेडाशी पाहिली.

"किंचित निळसर आहे," ते म्हणाले. "अगदी किंचित."

काकूंनी हात काढून घेतला.

"म्हणजे नापास," त्या म्हणाल्या. मग मुलीचा खांदा चाचपून धरला. "चल गं, पायीच जाऊ."

त्या दोघी गेल्या. काका गाडीपाशी उभे राहिले. त्यांना ती चालवता येत नव्हती.