हातापुरतं बोला

गावाकडचे शेजारी, मेडशीचे श्रावणभाऊ दुपारच्या एसटीने वाशीमजवळच्या मालेगावला उतरले ते सरळ आमच्या शाळेत आले. वर्गाच्या दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या आत्याबाई गेल्या." मी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "कोनं पाह्यलं?" ते गोंधळले. मग हळूच म्हणाले, "मीच पाह्यलं. सकाळी उठल्याच नाही." तेव्हा कुठे मी खुर्चीवर बसले. सासू गेल्याचं ऐकून सून असं विचारते, हे त्यांना विचित्र वाटलं असणार. पण माझ्या जागी आत्याबाई असत्या तर त्यांनीही हेच विचारलं असतं. ऐकीव गोष्ट खरी मानायची नाही, हे मी त्यांच्याच घरात शिकले.

गिरजाबाई त्यांचं नाव. मी आत्याबाई म्हणायची. शेवटची काही वर्षं त्या आपल्या गावी, मेडशीला राहायला गेल्या होत्या. जन्मभर लोकांच्या शेतात राबल्या, कापूस वेचला, ज्वारी सोंगली. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक त्यांनी आपल्या हाताने उचलून नदीत सोडले होते. तेव्हापासून अंगारा, धागा, बाबा यांच्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच. पण त्यांचा संशय तिथे थांबला नाही. दुकानदाराचा काटा, पुढाऱ्याचं भाषण, डॉक्टरची पुडी, सगळं त्यांच्या नजरेत संशयित. मी नोकरी करणारी सून म्हणून घरात आले तेव्हा माझ्यावरही त्यांची तीच नजर. मी शाळेतून आले की विचारायच्या, "खरंच शिकवतं का पोराइले, का नुसती बसून राह्यतं?" मला राग यायचा. एकदा तर त्या कुणाला न सांगता शाळेच्या खिडकीबाहेर उभ्या राहून तास ऐकून गेल्या. घरी आल्यावर मात्र एवढंच म्हणाल्या, "आवाज चांगला हाये तुवा."

बहात्तरचा दुष्काळ सरला त्या वर्षी माझ्या छातीत गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. छाती गेली, काखेतल्या गाठीही काढल्या. जीव वाचला म्हणून सगळे आनंदात होते. पण काही महिन्यांनी उजवा हात सुजायला लागला. आधी बांगड्या रुतल्या, मग चढेनात, मग पोलक्याची बाही उसवावी लागली. हात असा जड की खांद्यावर कुणी पाण्याची बादली टांगलीय असं वाटायचं. फळ्यावर वरच्या ओळीत लिहिता येईना. आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे हत्तीरोग, कुणी म्हणे महारोग. नळावर मी भांडं ठेवलं की शेजारचं भांडं हळूच सरकायचं. मुख्याध्यापकांनी एक दिवस फार गोड आवाजात विचारलं, "बाई, काही दिवस रजा घेता का?" त्या गोडपणाचीच मला भीती वाटली. नोकरी गेली असती तर घरात मी काय म्हणून राहिले असते, कोण जाणे...

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ही सूज आता सोबतच राहणार; हात उंचावर ठेवा, जपा, या हाताला इंजेक्शन नको, जखम नको. यापलीकडे त्यांच्याकडे उपाय नव्हता. अशात कळलं की वाशीमला एक डॉक्टर चिनी पद्धतीने अंगात बारीक सुया टोचून दुखणं कमी करतात. मी जायचं म्हटलं. आत्याबाईंचा चेहरा आंबट झाला. "देव सोडले ते काय सुयाइच्या पाया पडाले?" असं म्हणाल्या, आणि माझ्याआधी एसटीत जाऊन बसल्या.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. भिंतीवर माणसाच्या अंगाचं चित्र, त्यावर ठिपके. डॉक्टर तरुण, स्वच्छ कपड्यातले, बोलायला मऊ. त्यांच्या त्या मऊपणामुळेच आत्याबाई सावध झाल्या. सुया कुठे ठेवता, आधी कोणाला टोचल्या, उकळता का, सगळं विचारलं आणि म्हणाल्या, "मायासमोर उकळा." डॉक्टरांनी स्टो पेटवला. पाणी खळखळेपर्यंत आत्याबाई भांड्यावर वाकून उभ्या. मग आपलाच हात पुढे केला. "पहिले मले टोचा." डॉक्टर हसले, पण टोचली. त्या डोळे मिटून जरा थांबल्या. "मुंगी चावल्यावानी झालं. बाकी काई नाही."

डॉक्टर माझ्या सुजलेल्या हाताकडे वळले तशा त्या मध्ये आल्या. "त्या हाताले सुई लागू देनार नाही. नागपूरवाल्यानं मना केलं."

"आजी, दुखणं तिथेच आहे ना?"

"दुखनं राहू द्या तिथं. सुई दुसरीकडं टोचा."

डॉक्टर थोडे चिडले, मग विचार केला आणि मान हलवली. दुसऱ्या हाताला, पायांना टोचतो म्हणाले. आत्याबाईंनी लगेच विचारलं, "पायाले टोचून हात कसा उतरन?" यावर ते प्रामाणिकपणे म्हणाले की सूज उतरेलच असं नाही, जडपणा आणि ठणका कमी होईल, खांदा मोकळा होईल. आत्याबाईंना हे उत्तर आवडलं की नाही, कळलं नाही. पण त्या स्टुलावर बसल्या आणि सुया निघेपर्यंत डॉक्टरांच्या बोटांवरून नजर हलवली नाही.

आम्ही जात राहिलो. हात काही बारीक झाला नाही. बाही उसवलेलीच राहिली. पण ठणका कमी झाला, खांदा थोडा उचलू लागला आणि मला पुन्हा सलग झोप लागायला लागली. हे सुयांमुळे झालं, की तास-दीड तास कुणी शांतपणे आपल्याकडे पाहतंय त्यामुळे, मला आजही सांगता येणार नाही. फळ्यावरची वरची ओळ मात्र मी परत लिहू लागले आणि मुख्याध्यापकांचा रजेचा विषय बंद झाला.

असंच एकदा सुया काढताना डॉक्टर खुशीत म्हणाले, "आता नागपूरला कशाला दगदग करता? शरीराला असं वळण लागलं की मूळ आजारही परत यायचा नाही." मला ते ऐकायचंच होतं. नागपूरच्या तपासणीची तारीख जवळ आली होती आणि त्या इस्पितळाचा वासही मला नको होता. मी खुशाल मान डोलावली. आत्याबाई स्टुलावरून उठल्या.

"डाक्टर, हातापुरतं बोला. बिमारीचं तुमाले काय मालूम?"

मला फार लाज वाटली. परतीच्या एसटीत मी मुद्दाम दुसऱ्या बाकावर बसले. मालेगाव आल्यावर त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "नागपूरची तयारी कर. मी येतो संगं."

नागपूरला डॉक्टरांनी जुन्या व्रणाच्या कडेला बोट फिरवलं, थांबवलं, परत फिरवलं. तुरीच्या दाण्याएवढी गाठ होती. मला ती हाताला लागली नव्हती. ती काढली, मग विजेचा शेक, म्हणजे किरणांचा उपचार दिला. वेळेवर आलात, एवढंच ते डॉक्टर म्हणाले. आत्याबाई वॉर्डच्या बाहेर जमिनीवर बसून होत्या. मी बाहेर आले तेव्हा त्या रडून राहिल्या होत्या. मला पाहताच नाक पुसलं आणि परिचारिकेवर खेकसल्या की चादर काल बदलली नाही.

घरी आल्यावर मला वाटलं, सुयांचं प्रकरण संपलं. पण थोडी ताकद येताच त्याच म्हणाल्या, "चाल, वाशीमले जाऊ."

"काहून? तुमचा तर विश्वास नाही."

"नाहीच. पन तुले झोप लागत होती."

दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांना गाठीचं सगळं सांगितलं, एक शब्द न झाकता. डॉक्टरांनी हातातली सुयांची डबी खाली ठेवली. "मी तसं बोलायला नको होतं," असं म्हणाले. आत्याबाईंनी त्यांना ना माफ केलं, ना दोष दिला. "हाव," मान हलवून म्हणाल्या, "आता सुया उकळा."

त्याच हिवाळ्यात त्यांनी माझ्या हातासाठी एक उशी शिवली. बाजारच्या उशीत काय भरलेलं असतं याचा नेम नाही म्हणून मेडशीच्या बांधावरच्या सावरीची बोंडं आणली, कापूस स्वतः निवडला, जुन्या लुगड्याचा अभ्रा केला. टाके जाड, वेडेवाकडे. त्या उशीवर हात ठेवूनच मी इतकी वर्षं झोपले. आता तिचा कापूस बसलाय, शिवण विरलीय. परवा यजमानांनी हट्टाने मला वाशीमच्या दुकानात नेलं. दुकानदाराने शुभ्र, फुगलेली उशी पुढे ठेवली. मी ती दाबली, हुंगली आणि म्हटलं, "एका कोपऱ्याची शिवण उसवा, आत काय आहे पाहू द्या." तो म्हणाला, "बाई, विश्वास नाही का?"

"नाही," मी म्हणाले, आणि उशी न घेता घरी आले.