पाणी येईपर्यंतची पाने

"मॅडम, हा माणूस अख्खं प्रकरणभर बांधावर बसून आहे," इथे आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात माझे संपादक म्हणाले. मूळचे पुण्याचे, त्यामुळे टोमणा ओघाने आलाच. "पाणी येतंय, येतंय... एवढ्या वेळात आमच्या सोसायटीत टँकरच्या दोन खेपा व्हायच्या!"

एक उझबेक कादंबरी मी इंग्रजीत आणत होते, हा माणूस तिच्यातला. नवऱ्याच्या नोकरीपायी ताश्कंदला राहिले, तेव्हा शेजारणीबरोबर जर्दाळू वाळवता वाळवता ती भाषा कानात मुरली. त्या प्रकरणात एक शेतकरी कापसाला पाणी देण्याच्या आपल्या पाळीची वाट पाहतो. पुन्हापुन्हा पाटात हात बुडवतो. कोमट लागले, तर ते साचलेले शिळे पाणी. हाडापर्यंत गार लागले, की ते डोंगरावरच्या बर्फाचे, त्याच्या वाट्याचे.

"एक परिच्छेद पुरे," संपादकांनी निकाल दिला. " लग्नाचं प्रकरण मात्र फर्मास! तिथे काहीतरी घडतं."

अल बर्शाला घरी येऊन, दात आवळून, मी तो परिच्छेद लिहिला. 'त्याने वाट पाहिली आणि पाणी आले.' वाक्य निर्दोष होते. पण त्याला ना ओल्या ढेकळाचा वास, ना पाटाकाठच्या पुदिन्याचा. चिडून तोंडावर पाणी मारायला उठले, गार पाण्याचा नळ सोडला आणि हात पोळला. ऑगस्टमध्ये गच्चीवरची टाकी दिवसभर तापत असते.

"आई, यूज द हॉट वन!" लेक आतून ओरडली.

बरोबरच होते. उन्हाळ्यात आम्ही सगळेच इथे गीझर बंद ठेवतो. त्याच्या पोटात पाणी निवते आणि गार पाणी येते ते गरम नळाला. मी त्याच्या धारेखाली बोटे धरली. आधी कढत, मग कोमट, मग हळूच गार. संपादकही रोज असेच हात पुढे करून थांबत असणार, आणि तरी त्यांच्या लेखी काही घडत नाही!

मी त्यांना फोन लावला.

"लग्न काढा, पाणी ठेवा. त्या पाण्यावर कापूस आला, म्हणून तर त्या शेतकऱ्याच्या पोरीचं लग्न झालं."

"अहो मॅडम, लग्न कोणी काढतं का?"

"मग दोन्ही ठेवा. नाहीतर पुस्तकावरून माझं नाव काढा."

"बघू या, इन्शाल्ला."

इतकी वर्षे या शहरात काढल्यावर त्या शब्दाचे तापमान मला कळते. कोमट होता. तरीही प्रकरण मी एक ओळही न गाळता पाठवले. उत्तर अजून आलेले नाही.